धसका : एका शब्दाचा अर्थ, प्रयोग आणि दर्जा

१

भावनावाचक शब्दांचा विचार करताना मराठी समीक्षेने बहुधा संस्कृत साहित्यशास्त्राची परिभाषा हाताशी घेतली आहे. शोक, भय, विषाद, निर्वेद या संज्ञा समीक्षालेखनात इतक्या रुळल्या आहेत की त्यांच्या बाहेरही भावानुभवाची नावे भाषेत असतात, याचा सहज विसर पडतो. या परिभाषेची उपयुक्तता कोणी नाकारणार नाही. परंतु तिच्या वर्चस्वामुळे बोलभाषेतील शब्दांकडे विचाराचे साधन म्हणून न पाहता केवळ ‘बोलीचा रंग’ म्हणून पाहण्याची सवय जडली, हेही तितकेच खरे आहे. ‘धसका’ हा अशा दुर्लक्षित शब्दांपैकी एक होय. अनपेक्षित आणि अनिष्ट वार्तेने माणूस हादरतो, त्याचा धीर खचतो आणि ती खचलेली अवस्था त्याच्या ठायी टिकून राहते, या सबंध घटनाक्रमाला मराठीत हे एकच नाव आहे. संस्कृत परिभाषेतील कोणतीही एक संज्ञा हे सारे कवेत घेत नाही.

प्रस्तुत लेखात या शब्दाची घडण, शास्त्रातील त्याच्या निकटवर्ती संज्ञा आणि त्याचा इतिहासातील व वर्तमानातील उपयोग यांचा विचार करावयाचा आहे. प्रतिपादनाचा मुख्य मुद्दा असा की, ‘धसका’ हा शब्द भावनेचे नाव तर सांगतोच, शिवाय तिच्या कारणाकडेही बोट दाखवितो. आणि हे कारण मान्य करावयाचे की नाही, हे मात्र धसका घेणारा माणूस कोण आहे यावर ठरत आले आहे. या मुद्द्याच्या पडताळणीसाठी यवतमाळ जिल्ह्यातील वणी तालुक्यातील राजूर आणि त्याभोवतीचा मुलूख समोर ठेवला आहे. अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यात अकोले तालुक्यातील राजूर वा जालना जिल्ह्यातील गणपतीचे राजूर यांच्याहून हे गाव वेगळे. कोळशाच्या खाणीमुळे ‘राजूर कॉलरी’ या नावाने ओळखले जाणारे. एकीकडे जमिनीखालचा कोळसा आणि दुसरीकडे जमिनीवरचा कापूस अशी दुहेरी अर्थव्यवस्था असलेल्या या परिसरात प्रस्तुत शब्दाचे दोन्ही अर्थ, मातीचा आणि मनाचा, एकमेकांच्या शेजारी नांदताना दिसतात.

२

‘धसका’ या शब्दाची उपपत्ती दोन दिशांनी सांगता येते. पहिली दिशा ध्वनीची. ‘छातीत धस्स झाले’ या प्रयोगातील ‘धस्स’ हा अनुकरणवाचक शब्द असून त्याला ‘-का’ हा प्रत्यय लागून ‘धसका’ सिद्ध होतो. दुसरी दिशा अर्थाची. ‘धसणे’ म्हणजे खचणे, आत जाणे, ढासळणे. हिंदीतील ‘धँसना’ हा त्याचा सख्खा भाऊ असून या कुळाचे नाते संस्कृतातील ‘ध्वंस्’ या धातूशी जोडण्याकडे अभ्यासकांचा कल आहे. या दोन उपपत्ती परस्परविरोधी मानण्याचे कारण नाही. माती खचताना जो आवाज होतो तोच छातीत ऐकू आला, अशी भाषकांची कल्पना असेल तर ध्वनी आणि अर्थ एकाच ठिकाणी भेटतात. मराठीत खचलेल्या मनाची बहुतेक वर्णने माती आणि बांधकाम यांच्याच भाषेत होतात, हेही येथे लक्षात घ्यावयास हवे. मन खचते, धीर सुटतो, माणूस कोसळतो, उमेद ढासळते, पायाखालची जमीन सरकते. ‘धसका’ हा याच शब्दपरिवारातला.

‘-का’ प्रत्ययाने सिद्ध होणारी नामे पाहिली तर आणखी एक गोष्ट स्पष्ट होते. झटका, फटका, चटका, दणका, हिसका, गचका, ठसका ही सर्व नामे एकाएकी घडणाऱ्या, एका क्षणात आटोपणाऱ्या क्रियेची आहेत. ‘धसका’ घडणीने याच वर्गातला असला तरी वापराने त्या वर्गाबाहेर पडला आहे. फटका बसतो आणि वेदना ओसरते. चटका बसतो आणि डाग उरतो. धसका मात्र बसतो आणि मुक्काम करतो. ‘तेव्हापासून त्यांनी धसकाच घेतला’ या वाक्यातील ‘तेव्हापासून’ हे क्रियाविशेषण ‘धसका’बरोबर जितके सहज येते तितके ‘झटका’बरोबर येत नाही. म्हणजे आरंभ क्षणाचा आणि व्याप्ती काळाची, अशी या शब्दाची दुहेरी रचना आहे.

त्याच्या शेजारच्या शब्दांशी तुलना केल्यास हा विशेष अधिक उठून दिसतो. ‘धक्का’ बाहेरून लागतो आणि माणूस सावरूही शकतो. ‘धडकी’ भरते ती मुख्यतः शारीर पातळीवर. ‘दहशत’ या शब्दाशी जिचे नाते सांगितले जाते ती ‘धास्ती’ पुढे येऊ घातलेल्या संकटाची असते. ‘हबकणे’ आणि ‘चरकणे’ या क्षणिक प्रतिक्रिया होत. ‘हाय खाणे’ हा प्रयोग सर्वांत जवळचा. परंतु त्यात हताशेवर भर आहे, आघातावर नाही. घडून गेलेल्या गोष्टीचा आघात आणि पुढे काय होणार याची चिंता या दोहोंना एका शब्दात गुंफणारा शब्द ‘धसका’ हाच.

व्याकरणदृष्ट्या सर्वांत महत्त्वाची बाब षष्ठीची आहे. ‘झटका’ या शब्दामागे येणारी षष्ठी बहुधा रोगाची असते: ‘हृदयविकाराचा झटका’, ‘अर्धांगवायूचा झटका’. ‘धसका’ या शब्दामागे येणारी षष्ठी बाहेरच्या कारणाची असते: कर्जाचा धसका, पराभवाचा धसका, लेकाच्या जाण्याचा धसका. कोणी नुसते ‘त्याने धसका घेतला’ म्हटले की ऐकणारा लगेच ‘कशाचा?’ असे विचारतो. ‘झटका आला’ या वाक्यानंतर हा प्रश्न तितक्याच अपरिहार्यपणे येत नाही. म्हणजे माणसाच्या आत घडलेल्या पडझडीचे कारण त्याच्या बाहेर आहे, ही समजूत या शब्दाच्या वाक्यरचनेतच रुजलेली आहे.

३

संस्कृत साहित्यशास्त्रात या अनुभवाला जागा नाही असे नाही. परंतु ती विभागलेली आहे. भरताच्या नाट्यशास्त्रातील तेहेतीस व्यभिचारी भावांपैकी तीन येथे विचारात घ्यावे लागतात. ‘त्रास’ हा भाव वीज, उल्का, गडगडाट अशा आकस्मिक कारणांनी उद्भवतो. ‘आवेग’ या भावाच्या अनेक कारणांत अप्रिय वार्तेचे श्रवण हे एक कारण दिले आहे. ‘विषाद’ हा आरंभिलेले कार्य तडीस न गेल्यामुळे किंवा दैवाच्या प्रतिकूलतेमुळे होतो. धसक्याचा आकस्मिकपणा ‘त्रासा’त, वार्तेचे निमित्त ‘आवेगा’त आणि टिकून राहणारी खचलेली अवस्था ‘विषादा’त, अशी ही वाटणी आहे. उत्तरकालीन शास्त्रकारांनी पूर्वापर विचारातून येणारे ते भय आणि एकाएकी येणारा तो त्रास, असा भेदही केला. भेद सूक्ष्म आहे. परंतु एकाच अनुभवात आकस्मिकता आणि पूर्वापर विचार एकत्र येत असतील तर काय, हा प्रश्न त्यातून सुटत नाही.

मराठीत ‘त्रास’ या शब्दाचे जे झाले तेही उद्बोधक आहे. संस्कृतात अंगाचा थरकाप उडविणाऱ्या आकस्मिक भीतीचे नाव असलेला हा शब्द मराठीत उपद्रव, पीडा, कटकट या अर्थावर उतरला. पावसाचा त्रास, शेजाऱ्याचा त्रास, डोकेदुखीचा त्रास असे प्रयोग रूढ झाले. तत्सम शब्द भाषेत राहिला, पण त्याचा मूळ अर्थ निराश्रित झाला. ती रिकामी जागा ‘धसका’ने भरून काढली असे म्हणता येईल, मात्र भरून काढताना तिचा विस्तारही केला.

नाट्यशास्त्रातील विषादविवेचनाचा आणखी एक पैलू प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. एकाच विषादाची बाह्य लक्षणे भरताने पात्रांच्या प्रकृतीनुसार वेगवेगळी सांगितली आहेत. उत्तम आणि मध्यम प्रकृतीचे पात्र विषण्ण झाले की साहाय्य शोधते, उपायाचा विचार करते. अधम प्रकृतीचे पात्र मात्र इकडेतिकडे धावते, त्याच्या तोंडाला कोरड पडते, ते ओठ चाटते, निःश्वास टाकते. भाव एक, परंतु उत्तमाच्या वाट्याला विचार आणि अधमाच्या वाट्याला केवळ शरीर. रंगभूमीवरील अभिनयाची ही सूचना आहे हे मान्य करूनही तिच्यामागील समाजदृष्टी दुर्लक्षिता येत नाही. थोरांचा विषाद विचारणीय आणि सामान्यांचा केवळ दर्शनीय, ही ती दृष्टी. गीतेच्या पहिल्या अध्यायाला ‘अर्जुनविषादयोग’ हे नाव मिळाले. गात्रे गळालेल्या क्षत्रियाचा विषाद ‘योग’ या पदवीला पोहोचला आणि त्यातून तत्त्वज्ञान जन्माला आले. शेतात उभ्या असलेल्या कुणब्याची गात्रे गळाली तर त्याला कोणती पदवी मिळते, हा प्रश्न येथे उपस्थित होतो.

४

मराठी इतिहासकथनातील सर्वांत परिचित धसका पेशव्यांचा आहे. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर मराठी फौजेचा संहार झाला. विश्वासराव आणि सदाशिवरावभाऊ पडले. उत्तरेकडे मदतीस निघालेल्या नानासाहेब पेशव्यांना माळव्यात भेलसा येथे ही वार्ता सावकारी पत्रातून समजली. त्या पत्रातील माणसांचा हिशेब मोती, मोहरा आणि खुर्दा यांच्या सांकेतिक भाषेत मांडलेला होता, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. नानासाहेब पुण्यास परतले आणि २३ जून १७६१ रोजी पर्वतीवर त्यांचे निधन झाले. वार्ता आणि मृत्यू यांच्यात सुमारे पाच महिन्यांचे अंतर आहे. तरीही पानिपतच्या धसक्याने पेशवे गेले, हे विधान शालेय पुस्तकांपासून कादंबरीपर्यंत आणि व्याख्यानापासून घरगुती गप्पांपर्यंत निःशंकपणे केले जाते.

या विधानाचे स्वरूप काळजीपूर्वक पाहिले पाहिजे. पेशव्यांची प्रकृती आधीपासून ढासळत होती, हे इतिहासकारांना ठाऊक आहे. कर्जाचा भार, कारभारातील ताण, पुत्र आणि बंधू यांचा वियोग अशी अनेक कारणे एकवटली होती. तरीही समाजाच्या स्मृतीने व्याधीला गौण मानले आणि धसक्याला मृत्यूचे कारण म्हणून मान्यता दिली. त्यासाठी वैद्याचा दाखला मागितला नाही, वार्ता आणि मृत्यू यांतील पाच महिने मोजून संबंध तुटला असेही म्हटले नाही. एका माणसाचे मन खचणे ही राज्याच्या खचण्याची खूण ठरली. पुढे ‘पानिपत होणे’ हा वाक्प्रचारच भाषेत आला. म्हणजे धसका हे मृत्यूचे पुरेसे आणि सन्मान्य कारण आहे, हा निवाडा मराठी समाजाने फार पूर्वी देऊन ठेवला आहे. प्रश्न एवढाच की तो सर्वांना लागू केला जातो काय.

५

वणीचा मुलूख वर्धा आणि पैनगंगा या नद्यांच्या खोऱ्यांत वसला आहे. वऱ्हाड इंग्रजी अमलाखाली असताना १९०५ पर्यंत हा सबंध जिल्हा वणीच्याच नावाने, ‘वूण’ म्हणून, ओळखला जात असे. येथील बोली वऱ्हाडी. तिच्या शेजारी गोंडी, कोलामी आणि तेलुगू. खाणींमुळे हिंदी बोलणाऱ्या कामगारांची वस्ती वाढली. राजूरभोवती कोळशाबरोबर चुन्याच्या भट्ट्याही आल्या. १९७३ मध्ये देशातील कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले आणि पुढे हा पट्टा नागपूर येथे मुख्यालय असलेल्या वेस्टर्न कोलफिल्ड्सकडे गेला. उकणी, निलजई, कोलारपिंपरी ही या पट्ट्यातील परिचित नावे. खाणींना लागूनच काळ्या मातीची कपाशीची शेते आहेत, आणि एकाच घरात एक भाऊ खाणीत व दुसरा शेतात, ही या भागातील अपरिचित गोष्ट नव्हे.

खाणकामाच्या भाषेत धसणे हा रोजचा शब्द. झरिया-धनबादकडील हिंदीत खाणीचे छत कोसळण्याला ‘चाल धँसना’ म्हणतात. कोळसा काढून घेतल्यावर पोकळी उरते, वरचा थर आधाराअभावी खाली येतो आणि कधी त्याचा परिणाम भूपृष्ठापर्यंत पोहोचून जमीन खचते. या धसण्याची नोंद घेण्याची यंत्रणा सिद्ध आहे. १९५२ च्या खाण अधिनियमाने अपघाताची सूचना देणे बंधनकारक केले होते. धनबाद येथील खाण सुरक्षा महासंचालनालयाच्या वर्गीकरणात छत कोसळणे आणि बाजूची भिंत कोसळणे ही अपघातांची स्वतंत्र कारणे आहेत. १९२३ च्या नुकसानभरपाईच्या कायद्याने कामावर असताना आणि कामामुळे झालेल्या मृत्यूची जबाबदारी मालकावर टाकली. ही यंत्रणा नेहमी न्याय देते असे नव्हे. परंतु बाहेरचे धसणे हे मृत्यूचे कारण असू शकते, एवढे तरी कागदावर मान्य आहे.

त्याच मातीवरच्या दुसऱ्या माणसाची स्थिती वेगळी आहे. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून यवतमाळ जिल्ह्याचे नाव शेतकऱ्यांच्या आत्महत्यांशी जोडले गेले. १ जुलै २००६ रोजी तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांनी विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे साहाय्य जाहीर केले. त्या सहांत यवतमाळ होता. त्याच वर्षीच्या जानेवारीतील शासननिर्णयाने आत्महत्याग्रस्त कुटुंबासाठी १ लाख रुपयांच्या मदतीचे निकष ठरले: नापिकी, मान्यताप्राप्त संस्थेचे वा सावकाराचे कर्ज, परतफेडीची असमर्थता, वसुलीचा तगादा. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे प्रकरण जाते आणि ते ‘पात्र’ किंवा ‘अपात्र’ ठरते.

परंतु नापिकीने खचून गेलेला प्रत्येक शेतकरी आत्महत्या करतो असे नाही. कोणी गारपिटीनंतर आडव्या झालेल्या पिकाकडे पाहून घरी येतो, जेवत नाही, बोलत नाही आणि काही दिवसांनी जातो. ‘कर्जाचा धसकाच घेतला त्यानं’ असे गाव म्हणते. वृत्तपत्राच्या जिल्हा पानावर ‘नापिकीच्या धसक्याने शेतकऱ्याचा मृत्यू’ अशी बातमी येते. वैद्यकीय कागदावर मात्र ‘हृदयविकाराचा झटका’ एवढेच लिहिले जाते. ते चूक नसते. हृदय थांबलेलेच असते. पण ‘-का’ प्रत्ययाच्या एकाच घरातले हे दोन शब्द, त्यांतील एकाला शासनदरबारी जागा आहे आणि दुसऱ्याला नाही. झटका लिहिला की षष्ठी रोगाची होते, धसका लिहिला असता तर ती कर्जाची झाली असती. एका षष्ठीच्या बदलाने नापिकी, सावकार, बाजारभाव आणि बँक हे सारे वाक्याबाहेर जातात. मृत्यू आत्महत्येचा नसल्यामुळे तो त्या मदतीच्या निकषांपर्यंतही पोहोचत नाही. पेशव्यांच्या बाबतीत पाच महिन्यांचे अंतर ओलांडून ग्राह्य धरलेले कारण येथे पाच दिवसांनंतरही ग्राह्य ठरत नाही. राजूरच्या परिसरात तर हा विरोध अधिकच ठळक होतो. जमिनीखाली धसण्याने मेलेल्याच्या मृत्यूला कारणाचा रकाना आहे. जमिनीवर धसक्याने मेलेल्याच्या मृत्यूला नाही.

६

या प्रतिपादनावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, ‘धसका’ हा शब्द वृत्तपत्रीय साचा होऊन बसला आहे; मृत्यूमागील गुंतागुंत उकलण्याऐवजी तो ती झाकतो. या आक्षेपात तथ्य आहे. घरातील आजार, लग्नाचा खर्च, दारू, भाऊबंदकी या सगळ्यांना एका शब्दाखाली ढकलले की चौकशी थांबते. दुसरा आक्षेप अधिक मूलगामी आहे. धसका ‘घेतला’ असे भाषा म्हणते. घेणारा कर्ता ठरतो. त्यामुळे ज्याने तो घेतला त्याचे मनच दुबळे होते, असा दोषारोप या प्रयोगात दडलेला आहे. ‘त्यात एवढा धसका काय घ्यायचा?’ हा धीर देणारा प्रश्न अनेकदा दूषण देणाराही असतो.

दुसऱ्या आक्षेपाचा विचार शासकीय योजनांच्या नावांसह करणे इष्ट ठरेल. २०१५ मध्ये यवतमाळ आणि तत्कालीन उस्मानाबाद या जिल्ह्यांत ‘बळीराजा चेतना अभियान’ सुरू झाले. त्याच वर्षी मानसिक आरोग्यासाठी ‘प्रेरणा प्रकल्प’ आला. समुपदेशनाची गरज नाकारण्याचे कारण नाही. त्याने काही जीव वाचले तरी ते फार मोठे आहे. परंतु ‘चेतना’ आणि ‘प्रेरणा’ या तत्सम शब्दांनी उणीव कोठे आहे हे आधीच ठरवून टाकले आहे. ज्याला चेतना द्यावयाची त्याच्या ठायी ती नाही, असा त्यांचा गृहीतार्थ. ‘धसका घेणे’ या प्रयोगातही कर्तृत्व माणसाकडे आहे हे खरे. पण त्याच प्रयोगातील षष्ठी ‘कशाचा?’ हा प्रश्न जिवंत ठेवते. चेतनेच्या भाषेत तो प्रश्न विचारण्याची सोयच नाही. पहिल्या आक्षेपाचे उत्तरही येथेच आहे. साचा झालेला शब्द टाकून देण्यापेक्षा त्याच्या षष्ठीचे उत्तर नेमकेपणाने शोधणे, हे बातमीदाराचे आणि अभ्यासकाचे काम होय.

साहित्यसमीक्षेच्या दृष्टीने या शब्दाकडून एक निश्चित अपेक्षा करता येते. उद्धव शेळके यांची ‘धग’ (१९६०) आणि सदानंद देशमुख यांची ‘बारोमास’ (२००२) या वऱ्हाडच्या मातीतील कादंबऱ्यांची चर्चा करताना शोकात्मता ही संकल्पना वारंवार वापरली जाते. ॲरिस्टॉटलप्रणीत शोकात्मिकेत नायकाचे पतन असते आणि पतनासाठी आधी उंची असावी लागते. म्हणूनच सामान्य माणसाची शोकात्मिका संभवते काय, हा वाद पुनःपुन्हा उद्भवतो. धसण्यासाठी उंची लागत नाही. खालचा आधार काढून घेतलेला असणे पुरते. या कादंबऱ्यांतील माणसे उंचावरून पडत नाहीत. ज्या पातळीवर ती उभी असतात तीच पातळी त्यांच्यासह खाली जाते. त्यांच्या वाताहतीचे विवेचन ‘पतना’ऐवजी ‘धसण्या’च्या अंगाने केले, तर नायकाच्या स्वभावातील दोष शोधण्याकडून त्याच्या पायाखालची पोकळी कोणी निर्माण केली हे शोधण्याकडे समीक्षेचे लक्ष वळेल.

भरताने अधम प्रकृतीच्या पात्राला विषादाची केवळ शारीर लक्षणे दिली. वैद्यकीय दाखल्यानेही शेतकऱ्याच्या मृत्यूत शरीरच तेवढे पाहिले. दोहोंमधील काळाचे अंतर मोठे आहे, दृष्टीचे मात्र नाही. या दृष्टीला उत्तर देणारा शब्द मराठी बोलणाऱ्यांनी कोशकाराची वा शास्त्रकाराची वाट न पाहता घडविला, आणि तो पेशव्यापासून कुणब्यापर्यंत सर्वांना एकाच अर्थाने लावला. भाषेने जो भेद केला नाही तो इतिहासाने आणि प्रशासनाने केला. वणी-राजूरकडील माणूस आजही मृताविषयी बोलताना आजाराचे नाव नंतर घेतो आणि कशाचा धसका घेतला ते आधी सांगतो. त्याच्या या क्रमाला ज्ञानाचा दर्जा द्यावयाचा की अज्ञानाचा, याचा निर्णय अभ्यासकांना करावा लागेल.